भेटायचं कोन राह्यलंय?

हौसा, आधी चिक्कीचं सांगून टाकते. तू ते जन्मात कुणाला सांगितलं नाहीस, आणि आता तू गेल्यावर ते माझ्या एकटीच्या पोटात राहिलंय. तेव्हाही घाबरून गिळलं होतं, अजून विरघळलेलं नाही.

लोणावळ्याच्या त्या जुन्या दवाखान्यात मी नवीनच नर्स म्हणून लागले होते. कडक इस्त्रीची टोपी, पांढरे मोजे, आणि डोक्यात एवढा तोरा, की टोपीला पिना लावायची गरजच पडू नये. शाळेत मराठीत पहिली आलेली तळेगावची मुलगी मी. त्या मराठीनंच माझं नाक कापलं. बेडशाचे एक आबा आमच्या वॉर्डात होते. लिव्हर पार गेलेलं, पोट फुगलेलं, अंग हळदीसारखं. पण त्या सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि सुनेच्या हातून दोन चमचे चहा घेतला. राउंडला डॉक्टर आले, आबांच्या मनगटावर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले आणि थोरल्या मुलाला म्हणाले, "आता घरी न्या. सेवा करा."

माझ्या कानात शिरलं ते एवढंच, घरी न्या. डॉक्टरांची पाठ वळते न वळते तोच मी त्या बावरलेल्या माणसांपाशी गेले आणि तोंडभर हसून म्हटलं, "अहो, बघत काय बसलाय? सुट्टी मिळाली आबांना!"

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. डॉक्टरांच्या तोंडावर त्याला वेगळं काही दिसलं असणार, पण टोपी घातलेली बाई हसत सांगतेय म्हटल्यावर त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. धावत बाजारात गेला आणि चिक्कीचा डबा घेऊन आला. अख्ख्या वॉर्डाला वाटली. मीही मोठासा तुकडा तोंडात टाकला. तेवढ्यात तू ड्यूटीवर आलीस.

"कशाची गं चिक्की?"

दाताला दात चिकटलेले. मला बोलता येईना. मी नुसतं आबांच्या खाटेकडे बोट दाखवलं, मोठ्या आनंदानं. तू खाटेकडे बघितलंस, आबांचे पाय हातानं चाचपलेस, पायथ्याचा कागद वाचलास आणि माझ्या कानाशी आलीस. "आगं तळेगाव, सेवा करा म्हंजी काय ते ठावं न्हाई व्हय तुला? आता आपल्या हातात काय उरलं न्हाई, असं म्हनत्यात ते. थुक ती चिक्की."

तू मला तळेगाव म्हणायचीस, मी तुला कुरवंडे. नर्सिंगच्या होस्टेलवर सगळ्यांनाच गावाची नावं पडली होती. बाकीच्यांची लग्नं झाल्यावर पुसली गेली. आपली राहिली.

मेट्रनला काय थाप मारलीस कोण जाणे, पण आबांना घरी सोडायला दवाखान्याच्या गाडीत तू माझ्यासकट चढलीस. शिक्षा होती ती मला. कामशेतवरून आत वळलो आणि आबांचा श्वास अडखळायला लागला. तू मास्क त्यांच्या तोंडावर घट्ट धरलास आणि दुसऱ्या हातानं फुगा दाबायला लागलीस. हवा भरायच्या त्या रबरी पिशवीला गावाकडची माणसं फुगाच म्हणायची, आपणही तेच म्हणायला लागलो.

"बाई, सुट्टी दिली न्हवं?" थोरल्यानं विचारलं. "मग ह्ये काय आनि?"

मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं. तू माझ्याकडे बोट दाखवलं असतंस तर मी त्या गाडीतून उडी मारली असती. तू म्हणालीस, "दिलीया की दादा. पन सुट्टी सुट्टीत फरक असतो." आणि फुगा दाबत राहिलीस.

आबांना सोप्यात निजवलं, तोंड दाराकडे करून. माणसं यायला लागली. कुणी पाया पडलं, कुणी कपाळावरून हात फिरवला. तू दमलीस की मी फुगा घ्यायची, मी दमले की तू. डॉक्टरांनी निघताना तुला हळूच सांगितलं होतं, वाटेत फुगा लागला तर दाबा, घरी पोचलात की थांबवा. किती सोपं वाक्य. ते बोलून डॉक्टर जेवायला गेले असतील. थांबवायचं मात्र आपल्या हातानं, आणि त्या हाताकडे सगळं घर टक लावून बसलेलं.

तेव्हा तू थोरल्याला विचारलंस, "दादा, आबांना भेटायचं कोन राह्यलंय?"

"आत्या राह्यलीया. पवनेच्या अंगाला दिलीया. सांगावा धाडलाय."

"येऊ द्या त्येंला."

आपण फुगा दाबत राहिलो. माझी बोटं वळली, तुझ्या मनगटाला रग लागली. आत्या आली. भावाच्या पायापाशी बसली आणि म्हणाली, "दादा, बैल इकू नगं म्हनलावतास. न्हाई इकला रं." एवढंच. मग तू परत तेच विचारलंस, त्याच आवाजात. "आता कोन राह्यलंय?"

थोरल्यानं सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली. त्याला कळलं होतं. घराला कळलं होतं. "कोनी न्हाई, बाई," तो म्हणाला. "समदी भेटली." आणि पुढे होऊन त्यानं आपला हात फुग्यावरच्या तुझ्या हातावर ठेवला. कुणाचा हात आधी थांबला हे मला आजही सांगता येणार नाही.

परतीच्या वाटेवर गप्प बसावं की नाही मी? तर नाही. "किती आडून बोलतेस गं! सरळ सांगायचं, आबा वाचणार नाहीत. माणसांना खरं कळायला नको?"

तू म्हणालीस, "तू सांग की. सकाळी सांगितलंसच."

आपलं भांडण तिथं सुरू झालं. ते मिटायच्या आत तू गेलीस, हे मला मुळीच पसंत नाही.

पुढे दवाखाने बदलले, काचेच्या दारांचे आयसीयू आले, फुग्याच्या जागी श्वास देणारी मशीन आली. बदललं नाही ते एवढंच, की आधी आपल्याला कळायचं. बारा तास एका माणसाला कुशीवर वळवलं, त्याचं तोंड पुसलं, पायाला हात लावला, की आपल्याला कळायचंच. डॉक्टरांना रिपोर्टवरून कळायचं, नातेवाइकांना डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून, आणि दार ढकलून बाहेर आलो की ते आपल्यालाच गाठायचे, "सिस्टर, खरं सांगा." आपल्याला तर वर तंबी, तुम्ही काही बोलायचं नाही. मी बोलायचे आणि बोलणी खायचे. तू विचारायचीस. एकदा मध्यरात्र उलटून गेल्यावर एका नव्या डॉक्टरानं एका म्हातारीला आणखी एक नळी घालायची तयारी करायला सांगितली, तेव्हा तू त्यालाच विचारलंस, "सर, आजींना भेटायचं कुणी राहिलंय का?"

"सिस्टर, तुम्ही तुमचं काम करा."

"तेच करते, सर."

तो चिडला. पण नळीचं सामान तसंच ट्रेमध्ये ठेवून बाहेर गेला आणि म्हातारीच्या लेकाशी बोलत बाकावर बसला. तू मला डोळा मारलास. आयसीयूत डोळा मारणारी नर्स मी दुसरी पाहिली नाही.

आणखी एक तुझी खोड. शेवट आला असं दिसलं, की तू मॉनिटरचं तोंड भिंतीकडे फिरवायचीस. लोक आकड्यांकडे बघत बसायचे, माणसाकडे कुणी बघेना. "टीव्ही बंद," तू म्हणायचीस. "आता हिकडं बगा."

पण म्हणून मी हरले असं समजू नकोस. लोणावळ्यातले ते मास्तर आठव, ज्यांची बायको गेली. तू त्यांना विचारायला गेलीस, भेटायचं कोण राहिलंय, आणि ते म्हणाले, "बाई, मला फिरवू नका." मग मी सांगितलं. सरळ. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आभारी आहे." बघ, अशीही माणसं असतात. त्यांचं काय करणार होतीस तू तुझ्या प्रश्नानं?

आणि त्याच दिवशी, जेवणाचा डबा उघडता उघडता, मी तुला ते बोलले जे बरीच वर्षं माझ्या मनात होतं. "कुरवंडे, तू जे विचारतेस ते त्यांच्यासाठी, की आपल्या हातावर येऊ नये म्हणून?"

तू भाकरी मोडायची थांबलीस आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिलीस. मग उठून डबा धुतलास, न जेवता. उत्तर दिलं नाहीस. मला ते हवं होतं, हौसा. आजही हवं आहे.

मग किसनरावांचं दुखणं आलं.

तुझे मालक रेल्वेत गँगमन. घाटात रूळ सांभाळण्यात उभा जन्म गेला. शेवटी फुफ्फुसांनी दगा दिला. त्यांना मशीनवर ठेवलं तेव्हा मी धावत आले, आणि आयसीयूत पाहिलं तर तू खुर्चीवर बसून मॉनिटरकडे टक लावून बघत होतीस. तू! अख्ख्या मावळाच्या लोकांचा टीव्ही बंद करणारी बाई. त्यांचे पाय गार होते, मी हात लावून पाहिले. तुलाही माहीत होतं. कालपासून माहीत असणार. मी तुला बाहेर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या त्या प्रसिद्ध सरळ पद्धतीनं म्हणाले, "हौसा, तुला कळतंय ना? थांबव आता."

"तू हितनं जा," तू म्हणालीस. अगदी हळू.

मी गेले. किसनराव मशीनवरच गेले. तू वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस. मी कुरवंड्याला आले तर आतल्या खोलीत जाऊन बसायचीस, आणि दत्ता, तुझा लेक, बिचारा ओशाळून म्हणायचा, "मावशी, आई झोपलीय." आतून भांडी आपटल्याचा आवाज यायचा. झोपेत भांडी घासणारी तुझी आई, म्हटलं, कमालच आहे. तोही हसायचा, आणि परत ओशाळायचा.

वर्षानंतर तू पिशवीभर करवंदं घेऊन स्वतःच माझ्या दारात उभी. आत आलीस, पंख्याखाली बसलीस, पाणी प्यालीस आणि जणू काल अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू करावं तशी म्हणालीस, "मला काय कळत न्हवतं का गं? समदं कळत हुतं. मी वाट बगत हुते, कोन इचारतंय का. तू सांगून मोकळी झालीस. मी तितंच अडाकले."

मी करवंदं धुवायला स्वयंपाकघरात गेले. धुवायला जरा जास्तच वेळ लावला.

आता तुझ्याकडे येते. नाही म्हटलं तरी यायलाच हवं.

तू अंगणात पडलीस, डोक्यात रक्तस्राव झाला. दत्तानं तुला तळेगावात आणलं. हल्ली तो वराळ्याला राहतो, त्याला तेच जवळ. तुला मशीन लावलं आणि मी रोज येऊन तुझ्या उशाशी बसायला लागले. रिटायर्ड नर्स नातेवाईक म्हणून येणं म्हणजे ड्यूटीवरच्या मुलींना किती छळ असतो हे तुला माहीत आहे. उशी जरा उंच करा, लघवीची पिशवी भरत आली, कुशीवर वळवलं का. एक अश्विनी नावाची मुलगी होती तिथं, बारीकशी, डोळ्यांखाली काळं आलेलं. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हो आजी." मागून माझी नक्कल करत असणार. मी तिच्या जागी असते तर केलीच असती.

मी तुझे पाय चाचपायचे. ते गार आहेत असं मला दिसत होतं, आणि मी स्वतःला सांगत होते, एसी फार आहे इथं. हो, मी. सरळ बोलणारी.

एके दुपारी अश्विनी तुझं तोंड पुसून झाल्यावर माझ्याजवळ आली. उभी राहिली. म्हणाली, "आजी, यांना भेटायचं अजून कोण राहिलंय का?"

मला केवढा आनंद झाला, हौसा! मी सरसावून बसले. "आहेत तर! आमच्या बॅचच्या आहेत, पुण्याहून यायच्या म्हणतात. हिचा भाऊ परत यायचा आहे. एका वेळी दोघांना पास द्याल का? आणि नातवंडांना चालेल ना?" मी बोटांवर मोजत होते. ती माझ्याकडे बघत होती. माझं मोजणं संपायची वाट बघत होती.

माझ्या तोंडात एकदम गुळाची चव आली.

शेंगदाण्याची, चिकट, दाताला दात धरून ठेवणारी. मला पुढचं नाव उच्चारता येईना. तो बेडशाचा पोरगा मला दिसला, हातात डबा घेऊन खाटाखाटांपाशी फिरणारा, हसऱ्या टोपीवर विश्वास ठेवणारा. जन्मभर मला त्याची कीव येत आली होती.

अश्विनीनं स्टूल ओढलं आणि माझ्याशेजारी बसली. ड्यूटीवर नर्स बसते तेव्हा काय ते तुला सांगायला नको. बऱ्याच वेळानं मी तिला विचारलं, "हे असं विचारायला तुला कुणी शिकवलं?"

"शिकवलं असं नाही, आजी. इकडं सगळ्याच असं विचारतात."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, हे कुरवंड्याचं आहे, ही समोर झोपलीय ना, तिचं! पण मग वाटलं, असू दे. तुला ते आवडलं असतं, सगळ्याच विचारतात हे.

संध्याकाळी दत्ता कंपनीतून आला. डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं होतं. बाहेर आला तो थेट माझ्यासमोर उभा राहिला. "मावशी, ते म्हणतात मेंदूचं काही परत येणार नाही. पुढं काय करायचं ते घरच्यांनी सांगा म्हणतात. ताईला विचारलं, ती म्हणते तू म्हणशील ते. तुम्ही दोघींनी जन्मभर हेच केलंय. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

बघ, कुरवंडे. मी म्हणत आले तेच. माणसं सरळ विचारतात, त्यांना सरळ उत्तर हवं असतं. माझ्या जिभेवर शब्द तयार होता, तोच, तुला सांगितलेला. थांबव. आणि तो खोटा नव्हता. तो किसनरावांच्या वेळीही खोटा नव्हता.

मी दत्ताच्या तोंडाकडे पाहिलं. तुझीच हनुवटी. तेवढीच हट्टी.

"दत्ता," मी म्हटलं, "आईला भेटायचं कोण राहिलंय रे?"

"ताई येऊन गेली. मामा आले. पोरांना परवा आणलं होतं..." तो थांबला. काचेतून आत तुझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा कंपनीतला आवाज गळून पडला आणि कुरवंड्याचा पोरगा बोलला. "मीच राह्यलोय, मावशी."

"अरे, तू तर रोज येतोस."

"येतो. पायथ्याला हुबा ऱ्हातो, त्या आकड्यांकडं बगतो आन भायेर येतो. हात लावायचं भ्या वाटतं. येकांदी नळी निसटली म्हंजी..."

अश्विनी दारातच होती. ती आत गेली, तुझ्या खाटेचा कठडा खाली केला, सलाईनची नळी दुसऱ्या अंगाला घेतली, स्टूल आणलं. मॉनिटर भिंतीकडे वळवला. मी काही सांगितलं नव्हतं, शपथ. "दादा, इथं बसा," ती म्हणाली. "हा हात धरा. इथं काही निघत नाही."

तो बसला. तुझा तळवा उचलून त्यानं स्वतःच्या गालाला लावला आणि बोलायला लागला. काय बोलला ते मला माहीत नाही. मी दार लावून बाहेर गेले. कान टवकारणं हा माझा जन्माचा धंदा, पण त्या दिवशी मी ऐकलं नाही.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला आणि एकटाच डॉक्टरांकडे गेला. मग डॉक्टरांची समिती बसली, तपासण्या झाल्या, परत दुसरी समिती, दत्ताच्या सह्या, ताईच्या सह्या. हल्ली सगळं कायद्यानं होतं, आणि व्हावंच. फक्त त्या कागदावर नर्सच्या सहीला जागा नसते. नळी काढताना तुझी मान मात्र अश्विनीच्या हातात होती. "हौसाआजी, आता घशातली नळी काढतेय हं," ती तुला म्हणाली, जणू तू जागीच आहेस. मशीन बंद झाल्यावर डॉक्टर म्हणाले होते, फार वेळ लागणार नाही. तू सबंध दुपार आपली आपण श्वास घेत राहिलीस. डॉक्टरांचं ऐकायचं नाही हा नेम तू शेवटपर्यंत पाळलास.

अख्ख्या दुनियेला विचारत हिंडलीस आणि स्वतःला काय हवं ते कधी सांगून ठेवलं नाहीस. मी खोदून विचारलं की टिंगल करायचीस. "यम आला तर त्येला म्हनावं, आदी हात धुऊन ये." त्या दुपारी अश्विनी आत आली ती दारातल्या बाटलीतलं औषध हातांना चोळत, आणि मला हसू फुटलं. दत्ता चमकून बघायला लागला. मी त्याला सांगितलं. तोही हसला. तुझा एक हात त्याच्या हातात, एक ताईच्या, आणि आम्ही हसत होतो. पुढचा श्वास आम्ही ऐकायला थांबलो, तो आला नाही.

त्याआधी, दत्ता पाणी प्यायला गेला होता तेव्हा, मी तुझ्या कानाशी वाकले होते. भेटायची मीही राहिले होते ना. बोलायचं खूप होतं. त्या गाडीत तू मला वाचवलंस त्याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नव्हते. ते वर्षभराचं गप्प बसणं मला किती जड गेलं, ते सांगितलं नव्हतं. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "हौसा, त्या दिवशीची चिक्की चांगली होती गं." तुझ्या पापण्या हलल्या असं मी म्हणणार नाही. नाही हलल्या. आपण दोघींनी बऱ्याच नातेवाइकांना तसं वाटताना पाहिलंय.

तेराव्याला कुरवंड्याला आले होते. जेवणं उठली, पंगतीतली माणसं पांगली. समोर नागफणीच्या सुळक्यावर ऊन होतं. मी तुझ्या ओट्यावर बसले आणि माझ्या मनात तेच घोळत राहिलं, जे मी तुला डबा खाताना विचारलं होतं. या वेळी ते माझ्या अंगावर उलटलं होतं. पोरानं माझ्याकडे उत्तर मागितलं आणि मी प्रश्न त्याच्या हातात ठेवला. त्याच्यासाठी ठेवला, की माझ्या हातावर येऊ नये म्हणून? मला खरंच कळेना. तू असतीस तर मुकाट्यानं उठून डबा धुतला असतास. पुढे जन्मात कधी त्याला रात्री जाग आली, तर त्याला आठवणार स्वतःचीच सही. माझा शब्द नाही.

राहवेना. दत्ता पाण्याचा हंडा ठेवून वळला तशी मी त्याला थांबवलं. "दत्ता, तू मला सांगा म्हणालास, आणि मी तुझ्यावरच टाकलं. मला माहीत होतं रे काय करायला हवं ते. शब्द तोंडात होता. चुकलं का माझं?"

त्यानं हात धोतराला... बघ, धोतर कुठलं, पँटलाच पुसले. किसनरावांसारखे पुसतो, म्हणून मला धोतर दिसलं. ओट्याच्या कडेला टेकला. तुझ्यासारखाच थोडा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला, पण तो उठून गेला नाही. म्हणाला,

"मावशी, तुमी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. पन मग आईवानी मी बी तुमच्याशी बोलायचा बंद झालो असतो. बसा आता, च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाई."